इथे फक्त रोलर होतात

उसाचा चरक बैलगाडीतून उतरवून दारात ठेवला होता आणि चरकाचा मालक माझ्यावर ओरडत होता.

"लोखंडाचंच काम ना हे? मग करत का नाही?"

"नाही करत."

"जमत नाही?"

"जमतं. करत नाही."

चरकाच्या चाकाचा एक दात तुटला होता. एका दुपारचं काम. माणूस तळोद्याकडून आला होता, बैल दमले होते. मी त्याला पाणी दिलं, स्टेशनाजवळच्या एका चांगल्या लोहाराचं नाव सांगितलं आणि गाडीवर चरक चढवायला हात लावला. जाताना त्यानं माझ्या दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "पाटी लावली म्हणजे मालक झाला का रे तू?"

पाटीवर मी रंगाऱ्याकडून एवढंच लिहून घेतलं होतं : येथे जीनचे रोलर होतात. दुसरे काम होत नाही.

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. मी मूळचा लोणखेड्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. काही वर्षं एका जीनमध्ये फिटर होतो. मग लक्ष्मण नावाच्या माझ्या जोडीदाराबरोबर नोकरी सोडली आणि स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याची शेड घालून स्वतःचं वर्कशॉप काढलं. लक्ष्मण इंजिनातला, मी लेथवरचा. लेथ माझा, तो फिरवणारं छोटं ऑइल इंजिन त्याचं.

आता रोलर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही.

शेतातून येतो तो कापूस सरकीसकट असतो. सरकी काढून नुसती रुई वेगळी करायची, ते काम जीन नावाचं मशीन करतं; अशी मशीनं ओळीनं असलेल्या कारखान्यालाही जीनच म्हणतात. त्या मशीनच्या पोटात एक जाड लाटणं फिरत असतं. तो रोलर. त्याला लोखंडाची पाती जवळजवळ चिकटून असते. कापसाचा तंतू रोलरला धरून पातीखालून पलीकडे जातो, सरकी जाड असते ती अडते आणि खाली पडते. सगळं कसब रोलरच्या अंगात आहे. लोखंड चाललं नसतं, तंतू धरत नाही. लाकूड चाललं नसतं, जळतं. चालतं ते फक्त चामडं.

म्हशीच्या कमावलेल्या चामड्याच्या चकत्या कापायच्या. मधोमध भोक पाडून एका लोखंडी शाफ्टवर एकीला एक लागून ओवायच्या. दोन्ही टोकांना नट. मग दाबायचं. चामडं बसतं, म्हणून पुन्हा नट आवळायचे. उद्या पुन्हा बसतं, पुन्हा आवळायचे. असं करत करत चकत्यांचा एकजीव दगड होईपर्यंत त्याच्या मागे राहायचं. मग लेथवर चढवून गोल करायचा आणि त्यावर तिरप्या खाचा पाडायच्या. मधे आवळणं चुकलं की एखादी चकती आत सैल राहते. बाहेरून दिसत नाही. जीन सुरू झाली की ती पातीला घासते, तापते. आणि तापलेल्या चामड्याभोवती काय असतं? कापूस. मी नोकरीत असताना एका जीनची अख्खी शेड अशी जळताना पाहिली आहे. विहिरीतलं पाणी बादल्यांनी काढून टाकत होतो आणि ते वाफ होऊन वर जात होतं.

त्या वेळी रोलर मुंबईहून यायचे. सीझनमध्ये रोलर झिजला तर नवा येईपर्यंत जीन बंद, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. म्हणून मी ठरवलं, रोलर इथेच करायचे आणि रोलरच करायचे.

चामडं सोनूआप्पा पुरवायचे. शहाद्याचे चर्मकार, साठीच्या घरातले, दोन दणकट पुतणे हाताशी. चकत्या तेच कापत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं.

"पाटलाचा ना तू? मग दारातून सांग काय ते."

"दारातून कसं सांगू? चामडं हातात घेऊन बघायचं आहे."

"हातात घेतलं तर घरात घेतील का तुला?"

"ते माझं मी बघतो."

"तू कसला बघतो," आप्पा म्हणाले. "तेच बघतील तुला."

आप्पांचं खरं झालं. गावात बातमी गेली, नारायण चामडं कापतो. आमच्या भावकीत लग्नाच्या पंगतीत माझं पान टोकाला पडायला लागलं. मग ते टोकालाही पडेना. वडील सरळ काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता हस्तीमल शेठ वर्कशॉपात आले. मारवाडी जैन घराणं, नंदुरबारात दोन पिढ्यांचा कापसाचा व्यापार, स्वतःची मोठी जीन. त्यांनी शेडमध्ये चक्कर मारली, तयार रोलरवर नख ओढून पाहिलं.

"नारायण, मेरी पूरी जीन का रोलर बदलना है. दिवाळीनंतर मुहूर्त. होणार का?"

"होणार."

"सोच के बोल. मुंबईला सांगितलं तर आत्ता सांगावं लागेल. तुझ्या भरोशावर राहिलो आणि मुहूर्ताला मशीन उभी राहिली, तर बाजारात माझं तोंड काळं."

"होणार म्हटलं ना शेठ."

इतकी मोठी ऑर्डर आम्हाला कधी मिळाली नव्हती. ही पुरी झाली की आजूबाजूच्या सगळ्या जीन आमच्याकडे येणार, आणि बुडाली तर आम्हाला कुणी विचारणार नाही. हे मला कळत होतं, लक्ष्मणलाही कळत होतं. आप्पांनी गाडीभर चामडं आणून टाकलं. कामाला लागलो.

आणि नेमके तेव्हाच दौलतनाना आले.

दौलतनाना पाटील म्हणजे शहादा भागातलं मोठं प्रस्थ. तापीकाठी काळी जमीन, शब्दाला वजन. माझी धाकटी बहीण जमना हिची सोयरीक त्यांच्या मुलाशी ठरत आली होती. नाना शेडच्या बाहेर लिंबाखाली उभे राहिले, आत आले नाहीत. नाकाला उपरणं. मी आणि लक्ष्मण बाहेर गेलो.

आमचं सगळं बोलणं अहिराणीत चाले. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून बरंचसं मी मराठीत लिहितो आहे.

नाना म्हणाले, "ऑइल इंजिनची एजन्सी घेतली आहे मी. विहिरीवर इंजिन बसलं की मोट सुटते. शहादा, तळोदा, पार अक्कलकुव्यापर्यंत माझं इंजिन जाणार. मला दोन भरवशाची माणसं हवीत. तुम्ही दोघं या. नोकर म्हणून नाही, भागीदार म्हणून."

लक्ष्मणचे डोळे चमकले. चमकणारच. इंजिन म्हणजे त्याचा जीव.

"पहिलं इंजिन लोणखेड्यालाच बसवू," नाना म्हणाले. "नारायण, तुझ्या बापाच्या विहिरीवर. याच आठवड्यात. आणि एक. हे जे आत चाललंय ना," त्यांनी उपरण्याचं टोक शेडकडे केलं, "ते बंद. माझ्या घरात तुझी बहीण येणार आहे. सुनेचा भाऊ चामडं ओवतो असं मी लोकांना सांगू का?"

मी म्हणालो, "नाना, शेठची ऑर्डर घेतली आहे."

"परत दे."

"घेतलेलं काम परत देत नसतो."

"मग आठवडाभर थांबव. बापाची विहीर तरी करून ये."

"रोलर दाबात आहेत. रोज आवळावे लागतात. आठवडाभर सोडले तर चामडं वाया."

"चामडंच ना ते!" नाना म्हणाले. "गेलं तर गेलं!"

मला राग आला तो तेव्हा. सोयरिकीचं बोलले तेव्हा नव्हता आला. "नाना," मी म्हणालो, "इंजिन तुम्हाला दुसरं कोणीही बसवून देईल. रोलर इथे दुसरं कोणी करत नाही. मी हेच करणार."

"हेच?"

"हेच."

नाना लक्ष्मणकडे वळले. लक्ष्मण खाली पाहत होता. "विचार करा," म्हणाले आणि टांग्यात बसून गेले.

लक्ष्मण माझा शत्रू नव्हता, हे आधी सांगून टाकतो. आम्ही एका ताटात जेवलेले. त्या संध्याकाळी आम्ही लेथशेजारी बसलो आणि त्यानं सरळ विचारलं, "दोन्ही का नाही करायचं?"

"कसं करणार?"

"चार दिवस विहीर, तीन दिवस रोलर. नाना मोठा माणूस आहे. अशी संधी पुन्हा येत नाही. रोलरचा सीझन चार महिन्यांचा. बाकीचे आठ महिने काय करतोस? बसून राहतोस."

"बसत नाही. चामडं तयार करतो."

"तेच ते. नारायण, इंजिन हे चांगलं काम आहे. गावात मान आहे. कोण तुला नावं ठेवणार नाही."

त्याचा शब्द न् शब्द खरा होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. चरक घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं होतं. दौलतनानांना नाही म्हणणं अवघड होतं, कारण ते काही वाईट आणत नव्हते. ते मान आणत होते, बहिणीचं लग्न आणत होते, बापाच्या विहिरीवर पाणी आणत होते. फक्त रोलर नेत होते.

"लक्ष्मण," मी म्हणालो, "तू इंजिनावर गेलास की तुझं डोकं इंजिनात असतं. तुला हाक मारली तर ऐकू येत नाही. माझं रोलरच्या बाबतीत तसं आहे. चार दिवस विहिरीवर राहून आलो तर तीन दिवस मला हेच आठवत बसावं लागेल, कुठला नट किती आवळला होता. त्यातला एक जरी चुकला तर शेठची जीन जळेल."

"तुझं डोकं दगडाचं आहे."

"असू दे."

तो उठून इंजिनापाशी गेला आणि म्हणाला, "मी जातो नानांकडे."

"जा."

"इंजिन माझं आहे."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं पायाचे बोल्ट सोडले, इंजिन गाडीवर चढवलं. चढवायला मीच हात लावला. जाताना त्यानं माझा खांदा दाबला. गाडी गेली आणि शेड एकदम गप्प झाली. लेथ उभा, पट्टा लोंबतोय, दाबात अर्धे रोलर, कोपऱ्यात चामड्याचा ढीग.

सोनूआप्पा चकत्या कापत होते. त्यांनी रांपी खाली ठेवली.

"मिस्तरी, आता?"

"आता लेथ हातानं फिरवायचा."

"कुणाच्या हातानं?"

त्याच दिवशी मी बाजारातून जुन्या बैलगाडीचं एक मोठं चाक आणलं. लाकडी चौकटीत उभं बसवलं, आसाला दोन्ही बाजूंनी मुठी लावल्या. चाकाच्या धावेवरून दोर घेऊन तो लेथच्या पुलीवर आणला. चाक एकदा फिरलं की पुली कितीतरी वेळा फिरते. लोखंड कापायला हे पुरलं नसतं. चामडं कापायला पुरतं, फक्त फिरवणाऱ्यानं लय सोडायची नाही. लय तुटली की रोलरवर लाट उमटते आणि लाट उमटलेला रोलर गेला कामातून.

आप्पांचे दोन पुतणे मुठींना लागले. पहिला दिवस वाईट गेला. जोर होता पण लय नव्हती. मी ओरडायचो, ते चिडायचे. शेवटी आप्पा उठले आणि त्यांनी जात्यावरच्या बायका म्हणतात तसलं एक गाणं सुरू केलं, तेही भसाड्या आवाजात. पुतणे हसले आणि हसता हसता लय धरली. त्यानंतर लेथ चालला तो गाण्यावरच.

बाजारात गंमत झाली. लोक बघायला यायचे. "नारायणचं इंजिन गाणं म्हणतं," असं कुणीतरी म्हणालं. हस्तीमल शेठपर्यंत ते पोचलं आणि शेठ तणतणत आले.

"ये कारखाना है या चरखा?"

"रोलर बघा शेठ. चाकाकडे बघू नका."

"मी रोलर काय बघू! अर्धे पण झाले नाहीत. लक्ष्मण गेला, इंजिन गेलं. दौलतनाना मला बाजारात सांगतो, तुमचा मिस्तरी डोक्यानं गेला. मी मुंबईला तार करतो."

मी हातातलं पटाशीसारखं हत्यार ठेवलं. चाक थांबलं. आप्पा, पुतणे, दारातले बघे, सगळे माझ्याकडे पाहत होते.

"करा तार," मी म्हणालो. "मुंबईचे रोलर येतील, बसतील, चालतील. पण मग सीझनमध्ये एखादा झिजला तर तो इथे आणू नका. या शेडमध्ये एक काम होतं आणि ते ज्याला आमच्यावर भरवसा आहे त्याचंच होतं."

नंदुरबारात शेठला असं कोणी बोलत नसे. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुढे होऊन तयार रोलरांपैकी एक उचलायला लावला, उजेडात फिरवून पाहिला, पुन्हा नख ओढलं. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही सारखेच होते. शेठ कापसातले, पण माल ओळखणारे.

"मुहूर्त पुढे जाणार नाही," एवढंच म्हणाले आणि गेले. तार त्यांनी केली नाही.

पुढच्या आठवड्यात वडील आले. बरोबर जमना. वडील लिंबाखाली बसले, नाना उभे होते तिथेच. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"माले तुन्हा हातनं पाणी नको," वडील म्हणाले. तांब्या मी खाली ठेवला. "दौलतनी सोयरीक मोडी. पोर घर बसनी. आते तरी सोडी दे."

म्हणजे नानांनी लग्न मोडलं होतं. वडिलांच्या पायाकडे पाहत उभा राहिलो. त्यांच्या पायातल्या वहाणा नव्या होत्या, आणि त्या कुणी शिवल्या हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. बाप तो बाप.

"काम पुरं होईपर्यंत सोडत नाही," मी म्हणालो. "पुरं झाल्यावरही सोडत नाही."

वडिलांनी तोंड फिरवलं. जमना मात्र उठून शेडमध्ये गेली. मला वाटलं रडायला गेली. मी मागे गेलो. ती चाकाजवळ उभी होती, पदर नाकाला न लावता.

"दादा, हाई काय शे?"

हे काय आहे ते मी सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सोयरीक त्यासनी मोडी. मी नही मोडी, तू नही मोडी. मन्हा नाव वर हाई काम सोडू नको."

"जमना, गाव काय म्हणेल—"

"गाव बोलस ते बोलू दे. मन्हा नाव वर नको."

एका पुतण्यानं नुकतीच पाणी प्यायला मूठ सोडली होती. तिनं ती धरली. समोर दुसरा पुतण्या होता, तो गोंधळला, आप्पांकडे बघायला लागला. आप्पा म्हणाले, "बघतोस काय, फिरव." जमनाला गाणं शिकवावं लागलं नाही. ते जात्यावरचंच होतं. तेव्हा मी जो रोलर कापला तो आजही मला डोळ्यांपुढे दिसतो, एक लाट नाही. बाहेर वडिलांना गाणं ऐकू जात होतं. ते उठून आत आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. त्या दिवसाचं काम संपेपर्यंत लिंबाखाली बसून राहिले.

दिवाळी झाली. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी शेवटचा रोलर जीनमध्ये बसला.

मुहूर्ताला जीनच्या दारात केळीचे खांब, आत शहरातले व्यापारी, बाहेर कापसाच्या गाड्या. पहिली गाडी दौलतनानांची. दरवर्षी त्यांचीच असे. मी आणि सोनूआप्पा फाटकाशी पोचलो तर दरवानानं हात आडवा धरला. मला आत जा म्हणाला, आप्पांना नाही.

"हे कुठे आत? आत पूजा आहे."

"रोलर यांनी केलेत."

"रोलर आत आहेत ना? मग झालं."

आप्पा म्हणाले, "मिस्तरी, तू जा. मला सवय आहे."

मी फाटकाशेजारच्या दगडावर बसलो. "आप्पा, तुम्हाला सवय असेल. मला नाही."

आत पूजा झाली, नारळ फुटला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग शेठचा मुनीम धावत बाहेर आला. "मिस्तरी, चला! तुमच्याशिवाय जीन चालू करू नका असं शेठ म्हणतात."

"आम्ही दोघं येतो."

मुनीम आत गेला. परत आला तेव्हा बरोबर शेठ स्वतः होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे, एकदा बाहेरच्या गाड्यांच्या रांगेकडे. "दोनों आओ," म्हणाले. "जल्दी."

आप्पा उठले, धोतर झटकलं. "मी तुझ्यासाठी येत नाही हां मिस्तरी," माझ्या कानाशी म्हणाले. "माझं चामडं बघायला येतोय."

पट्टे चढले, जीन एकामागून एक फिरायला लागल्या. पलीकडून रुई बर्फासारखी पडायला लागली, खाली सरकी टपटपायला लागली. मी रांगेतून चालत प्रत्येक रोलरजवळ तळहात नेत होतो. थंड. थंड. थंड. खिडकीजवळच्या जीनशी हात थबकला. ऊब होती. वासही होता, अगदी थोडा, तव्यावर चामडं ठेवल्यासारखा.

मी पट्टा उतरवला. ती जीन थांबली.

"काय करतोस?" शेठ धावले. "मुहूर्ताला मशीन बंद? अपशकुन आहे!"

"आग लागली तर शकुन होईल का?"

व्यापारी गोळा झाले. दौलतनाना पुढे आले, उपरणं नाकाशी. "मी सांगितलं होतं शेठ. हातानं फिरवलेले रोलर. चामड्याचं काम, चामड्यासारखंच होणार."

ऊब कशामुळे आली हे मला अजून कळलंच नव्हतं. आत एखादी चकती सैल असली तर सगळं संपलं. मी रोलरवर हात फिरवला. मग आप्पांनी फिरवला, डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत. त्यांनी मान हलवली. चामडं घट्ट होतं. मग मी पाती पाहिली. जीनच्या फिटरनं ती एका बाजूला जास्त दाबून बसवली होती. रोलर निर्दोष, पाती त्याला चावत होती. मी पातीचे बोल्ट ढिले केले, पातळ पत्रा मधे घालून अंतर पाहिलं, पुन्हा आवळले. पट्टा चढवला.

जीन फिरली. मी हात नेला. थंड.

मग मी दौलतनानांकडे वळलो. "नाना, आता तुम्ही हात लावून बघा."

नाना मागे सरकले. "मी चामड्याला हात लावत नाही."

"तुमचा कापूस लावतो," मी म्हणालो. "बघा, तुमच्याच गाडीचा चाललाय. याच चामड्यावरून तुमची रुई निघते. त्या रुईचं सूत होतं, सुताचं धोतर होतं. तुम्ही ते नेसून देवळात जाता. तुमचं धोतर बाटत नसेल तर माझे हातही बाटले नाहीत."

मशीनच्या आवाजात किती जणांना ऐकू गेलं माहीत नाही. शेठला गेलं. ते दुसरीकडे बघून मिशीत हसले. नानांना गेलं. ते बाहेर निघून गेले. कापूस मात्र त्यांनी परत नेला नाही.

त्या सीझनला शेठची जीन रोलरपायी एक दिवसही थांबली नाही. पुढच्या वर्षी इतर जीनवाले आले. मी नवं इंजिन घेतलं, पण ते लेथ फिरवण्यापुरतं. सोनूआप्पा माझे भागीदार झाले आणि पाटीवर पहिल्यांदा नावं आली, त्यांचं वर आणि माझं खाली, कारण वयानं ते मोठे होते. 'दुसरे काम होत नाही' ही ओळ तशीच राहिली.

जमनाला दुसरं स्थळ आलं, अक्कलकुव्याकडचं. मुलाकडची माणसं बसली होती आणि कुणी काही विचारायच्या आत तीच आतून म्हणाली, "मन्हा भाऊ चामडानं काम करस. चालत व्हई ते बोला, नही ते चहा पीसन जा." त्यांना चाललं. तिचा संसार चांगला झाला.

वडील वर्कशॉपात पुन्हा कधी आले नाहीत. माझ्या हातचं पाणी त्यांनी शेवटच्या आजारपणात घेतलं, ते का घेतलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दौलतनानांनी इंजिनाला पिठाची गिरणी जोडली, गिरणीला मोटार सर्व्हिस जोडली, मोटारीला तंबूतला सिनेमा जोडला. एकातली कमाई दुसऱ्यात गेली आणि शेवटी एजन्सीही गेली. लक्ष्मण त्याच्या आधीच त्यांच्यातून बाहेर पडला होता. त्यानं शहाद्याला स्वतःचं दुकान काढलं आणि फक्त इंजिनं दुरुस्त केली, आयुष्यभर. उत्तम चाललं त्याचं. माझ्याकडे कोणी इंजिन आणलं की मी त्याच्याकडे पाठवायचो, त्याच्याकडे कोणी रोलरचं विचारलं की तो माझ्याकडे. भेटलो की तो अजूनही म्हणायचा, तुझं डोकं दगडाचं आहे.

आता नवा धंदा काढणारी पोरं कधी कधी विचारायला येतात. कोणता धंदा करू, म्हणतात. मला ते माहीत नाही. मी एवढंच सांगतो, एक धर आणि मग नाही म्हणायला शीक. वाईट कामाला कोणीही नाही म्हणतं. एखाद्या दिवशी दारात चांगलं काम येईल, टांग्यातून, मान घेऊन. त्याला नाही म्हणता आलं तर धंदा काढलास असं समज. नाहीतर नोकरीच कर, तिथे नाही म्हणायचं काम मालकाकडे असतं.